स्फोटाचं कवच की पल्सारचा तेजोमेघ?

नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००४ ते २०१३ या काळात आकाशगंगेचा पट्टा सुमारे २७०० तास न्याहाळला. अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचे ७८ स्रोत सापडले, पण २०१८ साली यादी प्रसिद्ध झाली तेव्हा ओळख पक्की होती फक्त ३१ जणांची. गल्लत होते ती मुख्यतः दोन गोष्टींत: अतिनवताऱ्याच्या, म्हणजे फुटून मरणाऱ्या ताऱ्याच्या, स्फोटाचं कवच आणि पल्सारभोवतीचा तेजोमेघ. पल्सार म्हणजे अशा ताऱ्याचा मागे उरलेला, वेगाने फिरणारा गाभा.

दोन्ही मागे राहतात ते ताऱ्याच्या मृत्यूनंतरच, त्यामुळे बऱ्याचदा एकाच जागी असतात. ऊर्जा मात्र वेगळीकडून येते. कवचात ती स्फोटाचीच असते. बाहेर धावणारी आघातलाट कणांना प्रचंड वेग देते. तेजोमेघाला ऊर्जा पुरवतो तो स्वतःभोवती गरगर फिरणारा पल्सार. त्याची गती मंदावत जाते आणि ती ऊर्जा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कणांच्या वाऱ्यात उतरते.

आकार दिसला तर काम सोपं. वृश्चिक राशीतल्या आरएक्स जे१७१३.७-३९४६ या कवचाचं कडं हेसने २००४ मध्ये स्पष्ट दाखवलं. ते पूर्ण चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे. पण हेसला साधारण ०.०८ अंशांपेक्षा बारीक तपशील दिसत नाही. दूरचं छोटं कवच त्यामुळे नुसता ठिपका होऊन जातं.

तेजोमेघाची खूण मला त्याहून सुंदर वाटते. एचईएसएस जे१८२५-१३७ हा तेजोमेघ कमी ऊर्जेच्या किरणांत ऐसपैस पसरलेला दिसतो आणि ऊर्जा वाढेल तसा पल्सारकडे आक्रसत जातो. सर्वांत ऊर्जावान इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लवकर गमावतात, त्यांना दूर जायला सवडच मिळत नाही. पल्सार त्यात मधोमध नाही, एका कडेला आहे. म्हणून केंद्रात पल्सार नाही एवढ्यावरून तेजोमेघ नाकारता येत नाही.

उलट, जवळ पल्सार सापडला म्हणून लगेच तेजोमेघाचा शिक्का मारणंही घाईचं आहे. या पट्ट्यात पल्सार इतके दाटीवाटीने आहेत की काही योगायोगानेच शेजारी दिसणार. त्या ३१ पैकी १२ तेजोमेघ, ८ कवचं, ३ जोडतारे आणि तब्बल ८ मिश्र, म्हणजे कवच आणि तेजोमेघ दोन्ही असलेले. उरलेल्या ४७ पैकी ३६ स्रोतांच्या शेजारी तेव्हा संभाव्य उमेदवार दिसत होते, पण पुरावा पुरेसा नव्हता. हा फरक इतका जपायचा कारण विश्वकिरणांतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांतले, प्रोटॉन कुठे घडतात याचा शोध मुख्यतः कवचांतच चालतो. तेजोमेघ आहे इलेक्ट्रॉनांचा.