नॅलॉक्सोन आणि नॅल्ट्रेक्सोन: नावं जुळी, कामं निराळी

दोन्ही नावं तीनदा पाठोपाठ म्हणून बघा, चौथ्यांदा जीभ अडखळतेच. रेणूतल्या नायट्रोजनला जोडलेली एक छोटी शाखा बदलली की एकाचं दुसरं होतं, म्हणजे नातं तसं सख्खं. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल ही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची द्रव्यं, मेंदूत ज्या जागी जाऊन बसतात, त्याच जागा ही दोन्ही औषधं अडवतात. दोघांनीही नशा चढत नाही. त्यामुळे तुरुंगातल्या औषधोपचाराची चर्चा निघाली की 'ते अफूवरचं औषध' एवढ्यावर दोघांची बोळवण होते. तिथेच घोळ सुरू होतो.

नॅलॉक्सोन जीव परत आणतं. कोठडीत कुणी पडलेला आहे, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशातून घोरल्यासारखी घरघर आणि दोन श्वासांमध्ये नको इतकं अंतर. नाकपुडीत एक फवारा मारला की दोन-तीन मिनिटांत छाती पुन्हा हलू लागते. नाही हलली तर दुसरा फवारा. अंगात ओपिऑइड नसेलच, तर या औषधाने फारसं काही बिघडत नाही, म्हणून ते देण्यासाठी डॉक्टर असावा लागत नाही. अमेरिकेत २०२३ पासून नॅलॉक्सोनचा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो.

पण याचा जोर टिकतो साधारण अर्धा ते दीड तास. मेथाडोनसारखं ओपिऑइड त्याहून कितीतरी जास्त वेळ शरीरात राहतं. माणूस उठून बसला, आपली नशा उतरवली म्हणून शिव्याही घालू लागला, की पहारेकऱ्याला वाटतं, संपलं. मग त्याला एकट्याला परत कोठडीत सोडलं जातं. औषध ओसरलं की श्वास पुन्हा मंदावू शकतो. फवारा मारल्यावर रुग्णवाहिका बोलवायची आणि माणसाजवळून हलायचं नाही, हे फवाऱ्याइतकंच महत्त्वाचं.

नॅल्ट्रेक्सोनचं सगळंच सावकाश. रोजची ५० मिलिग्रॅमची गोळी, किंवा ३८० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, चार आठवड्यांतून एकदा, कुल्ल्यात. पुढचा महिनाभर औषध झिरपत राहतं आणि त्या काळात हेरॉइन घेतलं तरी ते चढत नाही. तलफही अनेकांची कमी होते. ओव्हरडोस झालेल्या माणसाला मात्र याचा काही उपयोग नाही. बेशुद्ध माणूस गोळी गिळणार नाही, आणि इंजेक्शन तर मुळात हळूहळू पाझरण्यासाठीच बनवलेलं.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. ज्याच्या अंगात अजून ओपिऑइड आहे त्याला नॅल्ट्रेक्सोन टोचलं, तर उलट्या, जुलाब, अंगदुखी एकदम उसळते, आणि टोचलेलं परत काढता येत नाही. म्हणून आधी सात ते दहा दिवस ओपिऑइडविना काढावे लागतात. बाहेरच्या रुग्णांची गाडी इथेच अडते. तुरुंगात ते दिवस बहुधा आधीच सरलेले असतात, म्हणून सुटकेच्या आधी इंजेक्शन देऊन पाठवायची कल्पना तिथे सहज रुजली.

सुटकेच्याच वेळी एवढी घाई का? आत असताना शरीराची नशेची सवय मोडते आणि माणूस बाहेर येऊन जुन्याच हिशेबाने डोस घेतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता.

या पंधरवड्यात दोन्ही औषधांचं काम पडतं, आपापल्या जागी. स्कॉटलंडने २०११ पासून सुटणाऱ्यांच्या हातात नॅलॉक्सोनचे संच द्यायला सुरुवात केली. ओपिऑइडमुळे झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत झालेल्यांचं प्रमाण २००६ ते १० मध्ये ९.८ टक्के होतं, ते २०११ ते १३ मध्ये ६.३ वर आलं. नॅल्ट्रेक्सोनच्या इंजेक्शनची चाचणी अमेरिकेत न्यायव्यवस्थेतून गेलेल्या ३०८ जणांवर झाली. सहा महिन्यांत पुन्हा व्यसनाकडे वळलेले ४३ टक्के निघाले, इंजेक्शन न मिळालेल्यांत ६४. इंजेक्शनं थांबून वर्ष झाल्यावर मात्र लघवीच्या तपासणीत दोन्ही गट सारखेच होते.

तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना नॅल्ट्रेक्सोन आवडतं, आणि ते समजण्यासारखं आहे: त्याने नशा होत नाही, ते चोरून विकता येत नाही, महिनाभर बघावं लागत नाही. पण केवळ त्या सोयीपायी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरच्या उपचारातली दुसरी दोन औषधं नाकारणं मला पटत नाही. ती स्वतः ओपिऑइड आहेत म्हणून तुरुंगांत त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जातं, आणि मृत्यू टाळल्याचा भक्कम पुरावा मात्र त्यांच्याच बाजूला आहे. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून ही दोन आणि नॅल्ट्रेक्सोन अशी तिन्ही औषधं तुरुंगात उपलब्ध करून दिली आणि कुणाला कोणतं ते रुग्ण पाहून ठरवलं.

नॅल्ट्रेक्सोन घेतलेल्यालाही नॅलॉक्सोन लागतंच. महिना संपत आला की अडसर विरतो, शरीराची सवय तर केव्हाच गेलेली. त्यामुळे पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेला कागद आणि फवाऱ्याची डबी दोन्ही पिशवीत हवीत. आणि ओव्हरडोस झालेला माणूस स्वतःच्या नाकात फवारा मारू शकत नाही, तेव्हा तो कसा मारायचा हे सुटणाऱ्याइतकंच त्याला न्यायला दारापर्यंत आलेल्या माणसाला दाखवायला हवं.