लिफ्ट बसवणारा आणि लिफ्ट दुरुस्त करणारा

लिफ्टचं काम करतो म्हटलं की लोकांना अडकलेली केबिन सोडवायला धावणारा माणूस आठवतो. ती लिफ्ट बसवणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. हत्यारांच्या पेट्या सारख्या दिसल्या तरी दोघांचं डोकं वेगळ्या वाटेने चालतं.

बसवणारा रिकाम्या शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्यातून वर-खाली करते त्या उभ्या पोकळीत, वरून तारा सोडून ओळंबा घेतो. त्या मापाने भिंतीला ब्रॅकेट लागतात आणि सहसा 5 मीटर लांबीच्या गाइड रेल (केबिन ज्यांना धरून धावते ते उभे रूळ) एकावर एक चढत जातात. रेल किंचित जरी कलली तरी केबिन हादरत धावते, आणि तो हादरा मग तेल घालून जात नाही. मशीन, दोर, दरवाजे, वायरिंग हे सगळं त्यानंतर. काम अवजड, दोघा-तिघांच्या जोडीने करायचं, हातात ड्रॉइंग. मोठा धोका उघड्या शाफ्टमध्ये पडण्याचा.

दुरुस्तीवाल्याला ड्रॉइंग मिळेलच याचा भरवसा नाही. समोर असते दुसऱ्याने बसवलेली, तिसऱ्याने छेडलेली लिफ्ट आणि ‘मधूनच बंद पडते’ एवढीच तक्रार. दारांची कुलुपं, गव्हर्नरचा (वेग फार वाढला की लिफ्ट थांबवणाऱ्या यंत्राचा) स्विच, स्टॉप बटण असे सगळे संपर्क सेफ्टी सर्किटमध्ये एकामागोमाग जोडलेले असतात. एक सुटला की लिफ्ट जागीच थांबते. दोष बऱ्याचदा दारांतच निघतो. तो सापडेपर्यंत मीटर लावून बिंदू-बिंदू तपासत जायचं. घाई झालेला माणूस इथे जंपरची तार टाकून संपर्क बायपास करतो. ती तार काढायची राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालू शकते. माझ्या मते या धंद्यातली सर्वांत घातक वस्तू हीच वीतभर तार.

काउंटरवेटशी, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिनचा तोल सांभाळणाऱ्या वजनाशी, गाठ मात्र दोघांचीही पडते. त्याचं वजन साधारणपणे केबिन अधिक तिच्या क्षमतेच्या 40 ते 50 टक्के भार इतकं ठेवतात. हा तोल साधला की नाही हे बसवणारा केबिनमध्ये वजनं ठेवून पाहतो: शाफ्टच्या मध्यावर, वर जाताना आणि खाली येताना मोटर सारखाच करंट घेते का? दुरुस्तीवाल्याला तोच हिशेब सुटकेच्या वेळी लागतो. हाताने ब्रेक सोडला तर रिकामी किंवा एक-दोन माणसांची केबिन खाली येत नाही, वर जाते. नवख्याला हे पटायला वेळ लागतो.

जुन्या लिफ्टच्या आधुनिकीकरणात दोन्ही कामं एकत्र येतात. रेल जुन्याच ठेवून नवं मशीन आणि कंट्रोलर बसवायचा तर आधी रेलची झीज आणि सरळपणा तपासावा लागतो, म्हणजे दुरुस्तीवाल्याची नजर आणि बसवणाऱ्याचा ओळंबा दोन्ही हवेत. या धंद्यात शिरणाऱ्याने शिकाऊ म्हणून रुजू होतानाच विचारून घ्यावं: पहिलं वर्ष शाफ्टमध्ये जाणार आहे की सर्व्हिसच्या फेऱ्यांवर?