पार्श्वभूमी : आरसेपचा नफा-तोटा आणि आधार वर्षाचा वाद

भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे आरसेप (प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी) या आशिया-प्रशांत भागातील १६ देशांच्या प्रस्तावित मुक्त व्यापार करारात सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. त्याची चर्चा बहुधा चीनशी असलेल्या व्यापारी तुटीपाशीच थांबते. २०१८-१९ मध्ये ही तूट सुमारे ५३ अब्ज डॉलर होती. शिवाय आग्नेय आशियातील दहा देशांशी झालेला वस्तुव्यापार करार २०१० पासून अमलात आल्यानंतर तेथून होणारी आयात आपल्या निर्यातीपेक्षा वेगाने वाढली होती. तो अनुभव ताजा असल्यामुळे नव्या कराराकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते.

मात्र वाटाघाटींचा खरा पेच आधार वर्षाचा, म्हणजे शुल्ककपात कोणत्या वर्षाच्या दरांपासून मोजायची याचा होता आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले गेले. वाटाघाटी २०१३ मध्ये सुरू झाल्या आणि शुल्ककपात १ जानेवारी २०१४ च्या दरांवरून मोजायचे ठरले. पुढे वाटाघाटी रेंगाळल्या आणि दरम्यान भारताने अनेक वस्तूंवरील आयात शुल्क वाढवले. मोबाइल फोनवर २०१४ मध्ये मूळ सीमाशुल्क शून्य होते. ते जुलै २०१७ मध्ये १० टक्के, डिसेंबरमध्ये १५ टक्के आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्के झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये शेकडो कापड उत्पादनांवरील शुल्कही दुप्पट करण्यात आले. जुने आधार वर्ष कायम राहिले असते, तर या वस्तूंवरील कपात २०१४ च्या दरांपासून सुरू झाली असती आणि मधल्या काळातील वाढ करार लागू होताच निष्फळ झाली असती. म्हणून भारताने २०१९ हे आधार वर्ष मागितले. वाटाघाटी चालू असताना शुल्क वाढवायचे आणि वाढीव दरावरून कपात मोजायची, हे इतर देशांना पटणे कठीण होते, हेही मान्य करायला हवे. तरीही देशात मोबाइल जुळणीचे कारखाने नुकते उभे राहत असताना ही मागणी सोडून देणे परवडणारे नव्हते.

दुधाचा प्रश्न याहून सरळ होता. न्यूझीलंड आपले बहुतांश दुग्धोत्पादन निर्यात करतो, तर आपल्याकडे दूध येते ते दोन-चार जनावरे राखणाऱ्यांच्या गोठ्यातून. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध दरासाठी आंदोलन झाले, तेव्हा दूध भुकटीचे साठे पडून होते. अशा वेळी स्वस्त आयात भुकटीचा भार थेट उत्पादकावर पडला असता.

फायद्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट वारंवार निसटते. उरलेल्या १५ देशांपैकी १२ देशांशी भारताचे मुक्त व्यापार करार आधीच झालेले होते. त्यामुळे नव्याने खुली होणारी बाजारपेठ प्रामुख्याने चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचीच होती. ऑस्ट्रेलियाशी एप्रिल २०२२ मध्ये स्वतंत्र करार झाला आणि त्यातून भारताने दुग्धजन्य पदार्थ वगळले. मात्र बाहेर राहिल्याने तूट आटोक्यात आली, असे म्हणता येत नाही. चीनशी असलेली तूट २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज डॉलरवर गेली. राखला गेला तो शुल्क वाढवण्याचा अधिकार, आणि निर्णयाचे मोल त्याच निकषावर ठरवले पाहिजे.

आरसेपवर १५ देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. इतर इच्छुक देशांसाठी त्यात १८ महिन्यांची प्रतीक्षा होती. भारताला मात्र पहिल्या दिवसापासून प्रवेशाची मुभा ठेवण्यात आली होती.