आयरिशचा ‘शॅन’, आपला ‘सनातन’

आयरिश भाषेत ‘जुना’, ‘वयस्क’ या अर्थाचं विशेषण आहे ‘शॅन’. प्राचीन आयरिशमध्ये ते ‘शेन’ होतं आणि त्याआधीच्या केल्टिक भाषेत (आयरिश, वेल्श यांच्या पूर्वज भाषेत) ‘सेनोस’. लॅटिनमधला ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, लिथुआनियनमधला ‘सेनस’ आणि ऋग्वेदातला ‘सन’ ही त्याचीच भावंडं. ‘सनातन’ आपल्याकडे आला तो याच मुळातून. वेल्शमध्ये मात्र ‘हेन’ म्हणतात, कारण तिथे आरंभीच्या ‘स’चा बऱ्याच शब्दांत ‘ह’ झाला. फारसीत ‘सप्त’चं ‘हफ्त’ झालं, त्यातून आपल्याला ‘हप्ता’ मिळाला, तसंच हे.

आयरिशमध्ये विशेषण सहसा नामानंतर येतं. ‘शॅन’ मात्र नामाच्या आधी, त्याला चिकटून बसतं. ‘बॅन’ म्हणजे बाई आणि ‘शॅनव्हॅन’ म्हणजे म्हातारी. इथे ‘ब’चा ‘व्ह’ का झाला? जुन्या समासात पहिलं पद ‘सेनो’ असं स्वरान्त होतं. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘ब’चा उच्चार सैल होत गेला. पुढे तो ‘ओ’ गळून पडला, सैल झालेला ‘व्ह’ तेवढा उरला. गेलेल्या स्वराची खूण शेजारच्या व्यंजनावर राहावी, हे मला विलक्षण सुंदर वाटतं.

‘शॅन’पुढचं व्यंजन असं सैल होतं, या नियमाला त, द, स अपवाद आहेत. ‘दोरस’ म्हणजे दार (आपल्या ‘द्वार’चंच नातेवाईक), पण जुनं दार ‘शॅनदोरस’च राहतं. आपली वर्णमाला आठवली की कारण उमगतं: न, त, द, स हे सगळे दंत्य. ‘न’साठी जीभ जिथे टेकते तिथूनच पुढचा वर्ण निघतो, म्हणून तो सैल पडत नाही.

आजोबांना म्हणतात ‘शॅनाहर’. त्यातला ‘आहर’, म्हणजे वडील, हा ‘पितृ’चा सगा. केल्टिक भाषांत मूळचा ‘प’ लोपला आणि मधला ‘त’ स्वरांमध्ये सैल होत होत ‘ह’ झाला.

षष्ठीत स्त्रीलिंगी ‘शिने’ आणि अनेकवचनात ‘शॅना’ ही रूपं व्याकरणात आहेत, पण शब्द बहुधा जोडूनच येत असल्याने ती क्वचितच भेटतात. ‘अधिक वयाचा’ या अर्थाचं ‘शिने’ मात्र रोजच्या बोलण्यातलं आहे. त्याचं प्राचीन रूप ‘शिनिउ’. लॅटिन ‘सेनिऑर’ आणि वैदिक ‘सन्यस्’ त्याच घडणीचे (‘संन्यास’ वेगळा). ‘स्वर्गादपि गरीयसी’ मधला तुलनेचा प्रत्यय तो हाच. त्यातल्या ‘य’च्या ओढीनेच आयरिशमध्ये आधीच्या ‘ए’चा ‘इ’ झाला.