मृद्रंग आणि मर्यादित रंगफळी (बरोक तैलचित्रण)

लोहयुक्त माती कुटून, धुऊन, वाळवून मिळणारी रंगद्रव्ये म्हणजे मृद्रंग. पिवडी (पिवळी माती), गेरू, कच्ची व भाजलेली सिएना आणि कच्ची व भाजलेली उंबर (या दोन्ही तपकिरी छटांच्या माती) आणि हिरवी माती ही त्यांतली मुख्य. सतराव्या शतकातल्या बरोक तैलचित्रांचा बराच मोठा भाग यांनीच व्यापलेला असतो. जोडीला शिशापासून केलेला सफेदा आणि हाडे जाळून केलेला काळा. ‘मर्यादित रंगफळी’ (मोजक्याच रंगांवर चित्र भागवणे) हा शब्दप्रयोग मात्र अलीकडचा. डच चित्रकार रेम्ब्रँटकडे हिंगूळ हा भडक लाल, शिसे-कथिलाचा पिवळा, ‘लेक’ हा पारदर्शक तांबडा आणि स्माल्ट हा निळाही होता. पण भडक रंग तो मोजक्या जागी ठेवी. पिवडी, हिंगूळ, काळा, पांढरा ही चार रंगांची रंगफळी पुष्कळदा बरोक म्हणून शिकवली जाते. ती स्वीडिश चित्रकार आंडर्स सोर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यात उंबर नाही. बरोक छाया उंबरवाचून उभी राहत नाही.

पिवडीचा रंग गोएथाइट या जलयुक्त लोह-ऑक्साइडचा, गेरूचा हेमॅटाइटचा. पिवडी साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती लाल होते. हे लोखंडी तव्यावर करून पाहता येते. पुडीचा पातळ थर पसरून उलथन्याने हलवत राहावे; आधी कडा तपकिरी होतात, मग सगळी पूड तांबूस होते. गरम असताना ती गडद, जांभळट दिसते आणि निवल्यावर उजळते. तव्यावरच्या रंगावर विसंबून आच बंद केली तर भाजणी कच्ची राहते. चिमूटभर काढून, निववूनच छटा ठरवावी. सिएनात थोडे आणि उंबरमध्ये बरेच मँगनीज असते. उंबरचा तपकिरी रंग आणि तिचे लवकर वाळणे दोन्ही त्यामुळेच. सायप्रसची उंबर जुन्या काळापासून नावाजलेली आहे. कासेलची माती नावाने माती असली तरी मुख्यतः कुजलेल्या वनस्पतींचा कोळसट अंश आहे. ती सावकाश वाळते आणि उजेडात फिकी पडते.

या रंगफळीचे खरे बळ अस्तरात, म्हणजे चित्राआधी कॅनव्हासवर दिलेल्या रंगाच्या थरात आहे. स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझचा गुरू व सासरा फ्रान्सिस्को पाचेको याने सेव्हिलची चिकणमाती जवसाच्या तेलात वाटून सुरीने कॅनव्हासवर ओढण्याची रीत नोंदवून ठेवली आहे. व्हेलास्केझच्या सेव्हिलमधल्या चित्रांखाली असेच तपकिरी अस्तर आहे; पुढे त्याने सफेद्याची फिकट अस्तरे घेतली. रेम्ब्रँटच्या १६४२ च्या ‘नाइट वॉच’खाली गारगोटीची पूड आणि माती तेलात कालवून केलेले अस्तर आहे. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो तर मध्यम छटेच्या जागी गडद अस्तर उघडेच ठेवी. तपकिरी अस्तरावर चित्रकाराला फक्त दोन टोके रंगवावी लागतात: उजेड जाड, अपारदर्शक सफेद्याने आणि छाया पातळ, पारदर्शक उंबरने. मधला भाग अस्तर सांभाळते.

निळा नसताना निळेपणा येतो तो दोन वाटांनी. काळा व पांढरा मिसळून केलेला राखाडी रंग गेरूच्या शेजारी ठेवला की डोळ्याला निळसर दिसतो. आणि गडद, पूर्ण वाळलेल्या थरावर सफेद्याचा विरळ हात फिरवला तर तो थर थंड भासतो, जसा काळ्या पार्श्वभूमीपुढे धूर निळा दिसतो. पिवडीत हाडांचा काळा घातला की ऑलिव्ह हिरवा मिळतो. चेहऱ्यासाठी सुरुवातीचे मिश्रण सफेदा ८ भाग, पिवडी १ भाग आणि हिंगूळ किंवा गेरू पाव भाग. गालाच्या वळणावर, उजेड संपून छाया सुरू होते तिथे, याच मिश्रणात काळ्याचा कण घालून ते थंड करावे. छायेत सफेदा शक्यतो नकोच. त्याचा अंश गेला की छाया खडूसारखी होते आणि तिची खोली जाते. उजेड वाढवताना नुसता पांढराही घालू नये, सोबत पिवडी हवी. नाहीतर त्वचा पिठूळ दिसते.

तेलाचे प्रमाण हा सर्वांत दुर्लक्षित भाग. १०० ग्रॅम सफेद्याला साधारण १० ते १५ ग्रॅम जवसाचे तेल पुरते. उंबर आणि भाजलेल्या सिएनाला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून उंबरने केलेली पहिली रेखणी जाड असेल तर ती मुळातच तेलकट असते. वर कमी तेलाचा सफेदा चढवला की काही काळाने तो तडकतो. उपाय सोपा आहे: रेखणी टर्पेंटाइनने पातळ करून, पुसत-घासत करावी आणि तेल वरच्या थरांत वाढवत न्यावे. हाडांचा काळा उलट फार सावकाश वाळतो. त्यात थोडी उंबर मिसळली की वाळण्याला वेग येतो. वाळलेल्या छायेत निस्तेज डाग पडले तर खालच्या थराने तेल शोषले असे समजावे. तिथे तेलाचे बोट फिरवून जुन्या सुती कापडाने जवळजवळ सगळे पुसून घ्यावे आणि मगच पुढचा हात द्यावा. शतकांनंतर आणखी एक बदल होतो. सफेदा व तेल यांचा शिसेयुक्त साबण बनून वरचा थर पारदर्शक होत जातो आणि गडद अस्तर वर येते. कित्येक बरोक चित्रे आज मूळ होती त्याहून काळवंडलेली दिसतात, त्याचे हे एक कारण.

आजचा टायटॅनियम सफेदा जुन्या सफेद्यापेक्षा खूप झाकणारा आणि जोरकस असतो. तो निम्म्याहून कमी घ्यावा. शिशाचा सफेदा विषारी आहे, त्याची कोरडी पूड घरी वाटू नये. ट्यूबवर ‘बर्न्ट सिएना’ लिहिलेले असले तरी रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा: पीबीआर ७ असेल तर बहुधा खरी माती, पीआर १०१ असेल तर बहुधा कारखान्यातले लोह-ऑक्साइड. काचेवर सुरीने पातळ ओढून उजेडाला धरले की सिएना मधासारखी उजळते. अपारदर्शक ऑक्साइड विटेसारखे बंद राहते.

अजिंठ्याच्या भिंतींवरही मुख्यतः गेरू, पिवडी, हिरवी माती आणि काजळी आहे, फक्त तिथे तेल नाही. आपल्याकडे बाजारात मिळणारा गेरू तैलरंगाला चालतो, पण धुऊन. पूड भरपूर पाण्यात ढवळावी, अर्धा मिनिट थांबून गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि तळाची रेती टाकून द्यावी. असे ३–४ वेळा केल्यावर, शेवटी बसलेला साका वाळवून वस्त्रगाळ करावा. त्याआधी चिमूटभर पूड स्पिरिटमध्ये हलवून पाहावी. गाळ खाली बसल्यावर वरचे स्पिरिट लालच राहिले तर त्यात कृत्रिम रंग मिसळलेला आहे.