रास्ना (व्हँडा टेसेलाटा) : घरगुती संगोपन

झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, सुवासिक फुलांची एक आमर (ऑर्किड) वनस्पती. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये ‘एपिडेंड्रम टेसेलाटम’ या नावाने तिचे वर्णन केले. जुन्या ग्रंथांत ती ‘व्हँडा रॉक्सबर्घाय’ म्हणूनही आढळते. भारत, श्रीलंका, बांगलादेश आणि म्यानमार या देशांत ती नैसर्गिकपणे वाढते. विदर्भात बांधावरच्या आंब्या-मोहांवरही दिसते. औषधांत रास्ना म्हणून इतरही वनस्पती वापरतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पाने पट्ट्यासारखी, मधोमध दुमडलेली व चिवट असतात. खोडातून जाड, राखी मुळे हवेत लोंबतात. फुले उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या सुरुवातीला येतात. पिवळसर-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधली पाकळी निळसर-जांभळी, आणि वास गोड, द्राक्षाच्या अंगाचा. गावात पुष्कळदा तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात. बांडगूळ फांदीच्या आत शिरून झाडाचा रस ओढते. रास्ना सालीला नुसती धरून बसते आणि पाऊस, दव व सालीच्या खाचांतला कुजका पाला यांवर जगते.

घरी आणलेली रास्ना मरते ती बहुधा कुंडीमुळे. काळ्या मातीत लावली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. सागाच्या पट्ट्यांची उघडी टोपली करून तीत लाकडी कोळसा व विटांचे तुकडे टाकावेत, किंवा झाड सुतळीने सरळ मोहाच्या ओंडक्याला बांधून ओसरीत टांगावे. मुळे टोपलीबाहेर येतात; ती कापू नयेत, आत कोंबूही नयेत.

पाण्याची वेळ मुळे स्वतःच सांगतात. कोरड्या मुळावरचे स्पंजासारखे आवरण राखी-पांढरे दिसते. पाणी पडले की काही क्षणांत ते हिरवे होते. सगळी मुळे हिरवी होईपर्यंत पाणी घालावे आणि पुन्हा राखी झाल्याशिवाय घालू नये. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर गेला की सकाळ-संध्याकाळ लागते, थंडीत दोन-तीन दिवसांआड पुरते. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचून राहिले तर शेंडा कुजतो, आणि या झाडाला वाढणारा शेंडा एकच असतो. म्हणून संध्याकाळचे पाणी दिवस मावळण्याआधी, तेही फक्त मुळांवर द्यावे.

बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. वळचणीचे पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम. कूलरच्या टाकीतले पाणी मात्र घालू नये : पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि टाकीतले पाणी दिवसेंदिवस खारट होत जाते. कूलर चालू असलेल्या खोलीतली दमट हवा झाडाला मानवते.

उजेड भरपूर हवा. सकाळचे ऊन थेट चालते, वैशाखातले दुपारचे ऊन पान भाजते. पान गर्द हिरवे असेल तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे; असे झाड वर्षानुवर्षे जगते, पण फुलत नाही. आतल्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलेल्या झाडाकडून फुलांची अपेक्षाच करू नये.

खतासाठी वेगळे काही विकत आणायला नको. शेतात फवारणीला लागणारे १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा पुरेसे आहे. ते तणनाशकाच्या पंपातून मात्र कधीही देऊ नये. पंप धुतला तरी अंश राहतो. कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण इथेही पानाच्या बगलेत लपतो. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढावा.

बी धुळीइतके बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही, म्हणून घरी पेरणी जमत नाही. बुडाशी पिल्लू फुटले तर त्याला स्वतःची दोन-तीन मुळे आल्यावर वेगळे करावे. झाड रोपवाटिकेतून घ्यावे किंवा वादळात मोडून पडलेल्या फांदीवरचे उचलावे, तेही आपल्या बांधावरचे. राखीव जंगलातून वनोपज काढण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे.