डेन्मार्कमध्ये खरंच अर्धा पगार टॅक्समध्ये जातो का?

"डेन्मार्कमध्ये 100 कमवा, 55 सरकारला द्या" असा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. तिथे टॅक्स जास्त आहे हे खरंच, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे. पण तो 50 च्या वरचा आकडा पूर्ण पगारावर लागत नाही, बऱ्याच मोठ्या पगाराच्या फक्त वरच्या भागावर लागतो आणि बहुतेक कामगार तिथपर्यंत पोचतच नाहीत.

समजा महिन्याचा पगार 40,000 क्रोनर. आधी त्यातून 8 टक्के 'एएम-बिड्राग' (नोकरदारांच्या पगारातून होणारी सक्तीची कपात) कापतात, म्हणजे 3,200, उरले 36,800. मग त्यातल्या पहिल्या साधारण चार-साडेचार हजारांवर टॅक्सच नाही, आणि जे उरतं त्यावर नगरपालिकेचा सरासरी 25 आणि सरकारचा 12 टक्के, असा मिळून 37 च्या आसपास टॅक्स लागतो (नोकरी करणाऱ्यांना वर थोडी सूटही मिळते). शेवटी हातात 25 हजारांच्या आसपास येतात, म्हणजे कपात 35 ते 38 टक्के. 55 नाहीच.

आणि एक, तिथे कायद्याने ठरलेलं किमान वेतन नाही, ते युनियन आणि मालक करार करून ठरवतात, म्हणून "सरकारी किमान पगार" सांगणारा मेसेजही चुकीचा.

तपासायचं असेल तर तिथे नोकरी करणाऱ्या ओळखीच्या माणसाला पगाराची स्लिप बघायला सांगा, 'एएम-बिड्राग' आणि 'ए-स्काट' (पगारातून कापलेला आयकर) या दोन ओळींची बेरीज करून एकूण पगाराने भागा, खरा टक्का लगेच कळेल.